अम्मी बोटीत बसल्या

सोमवार, १ डिसेंबर २०२५

सातवीला आज 'दैनंदिनी कशी लिहावी' शिकवलं. रोज लिहावं, खरं लिहावं, स्वतःची शेखी मिरवू नये, असं फळ्यावर लिहून दिलं. एका मुलीनं विचारलं, "टीचर, तुम्ही लिहिता?" मी म्हटलं, "हो तर!" म्हणजे 'खरं लिहावं' या मुद्द्यावर गुरुजीच नापास. येताना स्टेशनरीच्या दुकानातून वही घेतली. खोटं निस्तरायचा एवढाच मार्ग सुचला.

तर मी निखत. धाराशिवच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. शाळेत मला सगळे मराठीवाली म्हणतात आणि मराठीच्या बैठकीला गेलं की तिथं उर्दूवाली म्हणतात. नवरा अजहर, त्याचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तोंडानं मी त्याला 'उम्मेहानीचे अब्बा' म्हणते, वहीत सरळ नाव घेता येतं. उम्मेहानी आमची मुलगी, दहावीला. आणि सासूबाई हमिदाबी, आमच्या अम्मी. त्यांचं माहेर लोहाऱ्याकडचं. घरात आमचं अर्धं दखनी आणि अर्धं मराठी चालतं, पण अम्मी बोलतात ती गावाकडची मराठी. तिच्यापुढं माझं व्याकरण हात टेकतं.

बातमी अशी की अम्मी सोलापूरला चालल्या. राहायलाच. धाकटा दीर सोहेल यानं तिकडं लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. काल आला आणि म्हणाला, "भाभी, तुम्ही लई केलंत. आता अम्मी आमच्याकडं." सगळ्यांनी अम्मींकडं पाहिलं. अम्मी म्हणाल्या, "निखतची मर्जी." मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "अम्मींची मर्जी." आमच्या घरात याच्यापुढं काही बोलणं म्हणजे बेअदबी. त्यामुळं एकवीस तारीख ठरली.

मला आनंद झाला आहे. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते, झाला आहे.

बुधवार, ३ डिसेंबर

अम्मींच्या खोलीत टेबल बसेल का ते बघायला दुपारी टेप घेऊन गेले. अम्मी धुरपदाबाईंकडं गेल्या असतील असा माझा हिशेब. धुरपदाबाई म्हणजे आमच्या शेजारीण, अम्मींची जुनी मैत्रीण. दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी बोलतात, मधे भिंत आहे हे दोघींच्या गावीही नसतं. मी गुडघे टेकून भिंत मोजत होते, तर मागून आवाज आला.

"कशाचं माप घेती गं?"

"पडद्याचं, अम्मी."

"पडदा जमिनीला लावती व्हय?"

मी हसले. अम्मी हसल्या नाहीत. पलंगावर बसून पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "घे, घे. नीट घे." मी नीट घेतलं. टेबल बसतं. खिडकीखाली बरोब्बर बसतं. वह्या तपासायला स्वतःची जागा, पंख्याचा वेग स्वतःचा, पहाटे भांड्यांचा खणखणाट नाही, आणि 'मीठ बघितलंस का' असं विचारणारं कुणी नाही. मी किती सुखी होणार आहे, याचं मलाच कौतुक वाटलं.

शनिवार, ६ डिसेंबर

संध्याकाळी ओट्यावर धुरपदाबाई आणि अम्मी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी चहा घेऊन गेले, तर धुरपदाबाई उगीचच मोठ्यानं बोलायला लागल्या. "आमच्या सुनंचं काय सांगू हमिदा! लेकीकडं चार दिस जाते म्हणलं, तर भांडली माझ्यासंगं. पिशवीच लपवून ठिवली. म्हंती, तुमी गेल्यावर घर खाया उठतंय."

अम्मी म्हणाल्या, "नशीब लागतं बाई."

मला धुरपदाबाईंची दया आली. इतक्या वयात सुनेशी भांडणं, पिशव्या लपवणं. सगळ्यांनाच काही माझ्यासारखी समजूतदार सून मिळत नाही. मी अम्मींच्या जाण्याबद्दल एका शब्दानं कुरकुर केलेली नाही.

कप उचलताना अम्मी म्हणाल्या, "निखत, जायच्या आधी एक काम करशील?"

"बोला ना."

"मला त्या बोरनाळ्याच्या तळ्यावर न्या. तितं बोट हाय म्हंत्यात. मला बोटीत बसायचंय."

मला वाटलं ऐकण्यात काही गडबड झाली. अम्मी रिक्षात बसल्या तरी दुआ वाचतात. मी विचारलं, बोटीत कशाला? तर म्हणाल्या, "सारा जल्म पाणी डोईवर वाह्यलं. एकदा पाण्याच्या डोईवर बसायचंय."

धुरपदाबाई म्हणाल्या, "म्या बी यीन."

रात्री अजहरला सांगितलं. तो म्हणाला, "दोन वर्षं झाली ते उद्यान होऊन, कधी नाव काढलं नाही. आताच कसं सुचलं?" मी म्हटलं, वय झालंय, अशी काही काही इच्छा होते माणसाला. मी बालमानसशास्त्राचा कोर्स केलेला आहे, त्यात म्हाताऱ्या माणसांचं नव्हतं, पण साधारण अंदाज येतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

रविवारी जायचं ठरलं. बोरनाळा तुळजापूरच्या पुढं आत वळल्यावर आहे. सरकारनं तळ्याकाठी उद्यान केलंय. चालायला पट्टा, बसायला छत्र्या, पोरांना झोके, आणि बोट. उम्मेहानीनं मोबाइलवर फोटो दाखवले. फोटोत सगळे बारीक लोक धावताना दिसत होते. मी लगेच बाजारात जाऊन धावायचे बूट घेतले. मी धावणार नाही हे मला माहीत होतं, बूटवाल्यालाही दिसत होतं. त्यानं विचारलं, "मॅडम, कुणासाठी?"

घरात घालून फिरून पाहिलं. प्रत्येक पावलाला बूट चुईं करतात. अम्मी म्हणाल्या, "घरात उंदीर झालाय का?"

रविवार, १४ डिसेंबर

आजचं सविस्तर लिहिते, कारण आज काहीतरी बिघडलं आणि ते काय, ते मला कळलेलं नाही.

पहाटे उठून बिर्याणी केली. वर दालचा, कबाब, दहीवांगं, गोडाला शीरखुर्मा आणि धुरपदाबाईंसाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्यानं पिठलं-भाकरी आणि ठेचा. पाच-सहा माणसांना पुरेल असं करायचं होतं. गाडीत डबे ठेवल्यावर माणसांना जागा उरेना. अजहर म्हणाला, "आपण सहलीला चाललोय का छावणी टाकायला?" मी त्याला मांडीवर हंडी दिली, म्हणजे तो गप्प बसला. गाडी त्याचा मेकॅनिक मित्र चालवणार होता, तो ऐनवेळी आला नाही. मग अजहरनंच चालवली आणि हंडी माझ्या मांडीवर आली.

निघायच्या आधी मला एक आठवलं. माझी अम्मा, अल्ला तिला जन्नत देवो, मी परीक्षेला सोलापूरला निघाले तरी माझ्या दंडाला इमाम जामिन बांधायची. हिरव्या कापडाच्या पट्टीत एक नाणं शिवायचं आणि सफरीला निघालेल्याच्या उजव्या दंडाला बांधायचं. सुखरूप पोचलं की ते नाणं गरिबाला देऊन टाकायचं. पाण्याचं मला फार भय आहे. मी बादलीत पाय घालताना बिस्मिल्ला म्हणणारी बाई. उम्मेहानीच्या जुन्या ओढणीची हिरवी पट्टी फाडली, नाणं शिवलं आणि पर्समध्ये टाकलं.

उद्यान छान आहे. दारातच 'धावू नका' आणि त्याच्या पुढं 'धावा, निरोगी राहा' अशा दोन पाट्या आहेत. मी दोन्हींचा मान राखून चालले. बूट चुईं चुईं. चालण्याच्या पट्ट्यावर एक आजोबा माझ्या पुढून दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा जाताना "हळूहळू जमंल" असा धीर देऊन गेले.

अम्मी आज वेगळ्याच होत्या. नवी जांभळी साडी नेसल्या होत्या. पाण्याजवळच्या बाकावर बसल्या आणि मला शेजारी बोलावलं. "बस हितं. कामं ऱ्हाऊ दे." मी बसले. वारा होता, पाण्यावर पाणकोंबड्या होत्या. अम्मी म्हणाल्या, "घरात बोलायला सवड गावत न्हाय. हितं कसं निवांत हाय."

"हो ना," मी म्हटलं.

"मग? म्या गेल्यावर करणार काय तू?"

मला टेबलाचं सांगायला संकोच वाटला. मी म्हटलं, "तुम्ही आमची काळजी करू नका अम्मी. आमचं सगळं नीट होईल. तुम्ही तिकडं आरामात राहा."

किती शहाण्यासारखं बोलले मी! त्यांच्या मनाला घोर नको म्हणून. अम्मी पाण्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला काय बोलायचं हाय का?"

"हो," मी म्हटलं, आणि तेवढ्यात एका वानरानं कबाबचा डबा उचलला.

पुढचा बराच वेळ त्यात गेला. अजहर काठी घेऊन धावला, वानर झाडावर बसून एकेक कबाब हुंगून खाली टाकत होतं. धुरपदाबाई म्हणाल्या, "मीठ कमी पडलं आसंल." मी बाकाकडं परत आले तर अम्मी उठून बोटीकडं निघाल्या होत्या.

बोटवाला कल्याणप्पा म्हणून गृहस्थ आहे. बोलण्यात कानडी हेल. त्यानं सगळ्यांना नारिंगी जाकिटं दिली. अम्मींनी स्वेटरवर जाकीट चढवलं आणि त्याला विचारलं, "बोट परत हितंच आणता का तिकडंच सोडता?"

"हितंच की ओ मावशी. नेलेलं माणूस परत आणल्याशिवाय कसं?"

"बघ गं निखत," अम्मी म्हणाल्या, "ह्यो म्हंतोय, नेलेलं माणूस परत आणतोय."

सगळे हसलो. वातावरण किती छान झालं होतं. आणि मला वाटलं, हीच वेळ. मी पर्समधून हिरवी पट्टी काढली, त्यांच्या उजव्या दंडाला, स्वेटरवरून, घट्ट बांधली.

अम्मींनी दंडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "हे कशाला?"

"सफर आहे ना अम्मी."

त्यांनी बोटीची कड धरली. बोटीत पाय ठेवला, मधल्या फळीवर बसल्या. कल्याणप्पानं तळ्याला पूर्ण फेरी मारली, बगळे दाखवले, पलीकडचं मंदिर दाखवलं. उम्मेहानीनं व्हिडिओ काढला. मी डोळे मिटून कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटत होते, त्यामुळं बगळे मी पाहिले नाहीत. मधे एकदा डोळे उघडले तर धुरपदाबाई माझ्याकडं असं बघत होत्या की जणू मीच कबाब पळवले.

उतरल्यावर अम्मींनी बिर्याणी घेतली नाही. एक घास दहीवांगं. "मीठ बघितलंस का" हेही विचारलं नाही. बहुतेक बोट लागली.

सोमवार, १५ डिसेंबर

शाळेतून आले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाकलेला चहा नव्हता. रोज असतो. त्यात साखर जास्त असते म्हणून मी रोज मनात बडबडते आणि पिते. आज माझा मीच केला, बेताच्या साखरेचा, मला पाहिजे तसा. अर्धा बेसिनमध्ये ओतला.

अम्मी खोलीत पेटी भरत होत्या. अजून सहा दिवस आहेत, म्हटलं मी. "व्हय, पर भरून ठिवलेली बरी," म्हणाल्या. हिरवी पट्टी अजून दंडावर होती. मी म्हटलं, "सोडा की आता, बोट झाली."

"सफर कुठं झाली?" त्या म्हणाल्या.

वय झालं की माणूस विसरायला लागतं.

बुधवार, १७ डिसेंबर

टेबल बघायला गेले होते. तीन दुकानं पाहिली. पहिल्यात लाकूड हलकं, दुसऱ्यात रंग गडद, तिसऱ्यात सगळं ठीक होतं, मग मी म्हटलं हे फारच मोठं आहे. दुकानदार म्हणाला, "ताई, मापानं तर बरोबर बसतंय." मी त्याच्यावरच चिडले. का चिडले, माहीत नाही. हल्ली रक्तदाब बघायला पाहिजे.

घरात कुणी बोलत नाही. म्हणजे सगळे बोलतात, "पाणी दे", "दार लाव". अम्मी माझ्याशी इतक्या अदबीनं वागताहेत की अंगावर काटा येतो. भाजीत आज मीठ पडलंच नव्हतं. सगळ्यांच्या लक्षात आलं. अम्मी म्हणाल्या, "चांगली झालीया." हे ऐकून उम्मेहानीनं माझ्याकडं पाहिलं आणि ताटावरून उठून गेली. पोरीचं दहावीचं वर्ष, टेन्शन असणार.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज मला कळलं. शाळेतून येताना धुरपदाबाईंनी फाटकाशी गाठलं. माझ्या हातात भाजीची पिशवी. त्यांनी सरळ दंडच धरला.

"पोरी, तुला मास्तरीण कुणी केलं गं?"

"काय झालं मावशी?"

"हमिदा तळ्यावर बोट बघाया गेलती व्हय? आगं, बोटीचं नुसतं निमित्त. घरात तुमचं आपलं मर्जी, मर्जी, मर्जी. तिला वाटलं, माणूस घराबाहेर आलं, पाण्यापाशी बसलं, म्हंजी मनातलं बोलतंय. मलाच म्हणली व्हती, 'धुरपदा, तितं तरी निखत मला ऱ्हावा म्हणंल.' नवी साडी नेसली बिचारी. तुला शेजारी बसवून घेतलं. आन् तू काय केलंस? समद्यांच्या म्होरं दंडाला बांधून मोकळी झालीस."

"अहो, ते पाण्याचं भय म्हणून..."

"ते तुला ठावं. म्या इतकी वर्सं तुमच्या घरातल्या सफरी बघितल्यात. मोठ्या सुनंनं दंडाला बांधलं, म्हंजी घरानं पाठवणी केली. जाणं पक्कं. आता ती सोडती का ते? न्हाय सोडायची."

मी तिथंच फाटकाला धरून रडले. शेपू-चुका रस्त्यावर सांडला. अठरा दिवस मी या वहीत स्वतःच्या समजूतदारपणाची वाखाणणी लिहितेय, आणि माझ्या दारातल्या प्रत्येकाला कळलं होतं ते मला नाही. नवऱ्याला कळलं असेल का? उम्मेहानीला तर नक्की. वानरालासुद्धा थोडा अंदाज असावा.

आणि मला त्या जायला नको आहेत. खोली नको, टेबल नको. पहाटे भांडी वाजली नाहीत तर मला जाग कशी येणार? मला त्या नकोशा व्हायला पाहिजे होत्या, सगळ्या सुनांना होतात तशा, आणि मी इतके दिवस तसं वाटून घ्यायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही.

शनिवार, २० डिसेंबर

बोलायचं ठरवून जेवायला बसले. "अम्मी, सोलापूरला थंडी फार असते म्हणे."

"धाराशिवपरीस कमीच आस्ती. आपण डोंगरावर हाय."

"लिफ्ट बंद पडतात हल्ली."

"जिना चढंन."

"तिकडं ओळखीचं कुणी नाही तुमच्या."

"हितं तरी कोण हाय?" म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

मी मुलांना पत्रलेखन, संवादलेखन, भाषणलेखन शिकवते. रात्री एक भाषण तयार केलं. सुरुवातीला आभार, मग आठवणी, शेवटी विनंती. तीन परिच्छेद. पाठ केलं.

रविवार, २१ डिसेंबर

सोहेल अकरा वाजता गाडी घेऊन आला. चहा, नाश्ता, सगळं रीतसर झालं. अजहरनं पेटी उचलून डिकीत ठेवली आणि डिकीवर हात ठेवून तसाच उभा राहिला, जणू बंद केली तर काहीतरी चिमटेल. अम्मी उम्मेहानीला भेटल्या, धुरपदाबाईंना भेटल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "सुखी ऱ्हा" म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. दंडाला ती हिरवी पट्टी.

माझं भाषण घशाशी आलं. आभार, आठवणी, विनंती. पण तोंडातून निघालं ते हे:

"अम्मी! उतरा खाली!"

वर्गातला आवाज. शेवटच्या बाकाला ऐकू जाणारा. गल्लीतला भंगारवाला गाडा थांबवून बघायला लागला. समोरच्यांच्या खिडकीत दोन डोकी आली.

अम्मींनी काच खाली केली. "कोण वरडतंय?"

"मी ओरडतेय."

"का?"

"तुम्ही जायचं नाही. मला न विचारता कसं ठरवलंत?"

"इचारलं व्हतं की. तू मर्जी म्हणलीस."

"ते मी अदबीनं म्हटलं!"

"मग म्या काय बेअदबीनं म्हणले व्हते?" आता अम्मींचाही आवाज चढला. "म्या बी अदबीनंच म्हणले. आन् दंडाला कुणी बांधलं?"

"मला पाण्याची भीती वाटते म्हणून बांधलं! मला काय माहीत तुम्ही... मला तुम्ही घरात पाहिजेत. कुणाची मर्जी असो नसो. मला पाहिजेत."

हे म्हणताना मी रडत होते, नाक गळत होतं आणि पायात ते बूट होते, कारण गडबडीत तेच सापडले. पाय आपटला की चुईं. उम्मेहानी हसत होती आणि रडत होती. अजहर डिकीवर डोकं टेकून उभा होता.

अम्मी गाडीतून उतरल्या. मग सोहेलकडं बघितलं. तो स्टिअरिंगला धरून बसला होता, एवढा मोठा गडी, डोळे भरलेले. "अम्मी, मी खोलीला रंग लावलाय. तुमच्या आवडीचा. पिस्ता," तो म्हणाला. मला स्वतःची शरम वाटली. त्याच्या मनातलंही मी विचारलं नव्हतं.

अम्मी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजहर, पेटी उतरव."

त्यानं उतरवली.

"आता एक पिशवी दे. दोन साड्या घाल तेच्यात. ह्यानं रंग लावलाय, तेचं मन मोडायचं न्हाय. आन् हिनं दंडाला बांधलंय तर सफर करायला पायजे. आठ दिस जाते."

पेटी ओसरीत राहिली. अम्मी पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसल्या. गाडी वळणावरून गेली तरी मी हात हलवत होते. धुरपदाबाई म्हणाल्या, "पुरे आता. नाक पूस."

मंगळवार, २३ डिसेंबर

सकाळी साडेसहाला फोन. मी घाबरून उचलला.

"निखत, उठलीस का?"

"उठले अम्मी. काय झालं? बरं आहे ना?"

"समदं बरं हाय. खोली लई चांगली हाय. ते नाणं मशिदीपाशी एका बाईला दिलं. आता मला न्याया कवा येती?"

"अहो, आठ दिवस म्हणाला होतात. सोहेलभाई आणून सोडतील की."

"आणून सोडाया म्या काय गॅसची टाकी हाय? लेक असू दे, सासू असू दे, बाई माणसाला न्याया घरचं माणूस आलं पायजे. तशी रीत हाय."

"बरं, मग यांना पाठवते रविवारी."

"अजहर कशाला? म्या कुणाच्या वरडण्यानं उतरले व्हते?"

"मग मी येते रविवारी."

फोनवर मागं जाऊबाईंचा मिक्सर ऐकू येत होता. मग अम्मी आवाज बारीक करून म्हणाल्या, "रविवारी तू रिकामीच आस्ती. रिकाम्या दिशी कुणी बी येतंय. शाळा बुडवून ये."

लग्नकार्य सोडता मी कधी शाळा बुडवलेली नाही. मुलांना तर मी रोज सांगते. मुख्याध्यापकांना फोन लावला, म्हटलं, सर, उद्या येणार नाही, सासूबाईंना आणायला सोलापूरला जायचंय.

ते काळजीत पडले. "आजारी आहेत का?"

"नाही सर," मी म्हटलं. "माझी वाट बघताहेत."